डमरूचं माप

या विकांताला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं (अर्धं लिहूनही झालं होतं), पण गेला दीड महिना डोक्यात एकच गोष्ट घोळतेय. ती एकदाची बाहेर काढल्याशिवाय दुसरं काही सुचेल असं वाटत नाही. विषय आहे लेथवर पॉलियुरेथेनचे रोलर कापण्याचा. आता दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाने लेथवर कशाला बोलावं, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण या रोलरपायी माझ्या मामाचे साठ हजार रुपये गेले, आणि त्यात निम्मी चूक माझी आहे. बोलायला तेवढा अधिकार पुरे, असं मी समजतो.

मामाचं वर्कशॉप मुक्ताईनगरला. मुक्ताईनगर म्हणजे जुनं एदलाबाद, जळगाव जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळला उतरायचं आणि नागपूर हायवेने वरणगाव ओलांडून पुढे यायचं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एक राजकोटचा लेथ, एक बटाल्याचा लेथ, एक ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा सेट आणि कोपऱ्यात माठ. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाचरं तिथे लोखंडाचा बुरा चुंबकाने गोळा करत बसायचो. मामी ओरडायची, मामा काहीच म्हणायचा नाही.

या शेडचं पोट तीस वर्षं भरलं ते कापसावर. आमच्याकडचे बरेचसे जिनिंग 'डबल रोलर' जातीचे. ज्यांनी जिन कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण चाळीस इंच लांबीचे दोन रोलर एकमेकांच्या उलट फिरतात. प्रत्येकाला एक स्थिर सुरी टेकलेली असते. रोलरचा खरखरीत पृष्ठभाग कापसाचे तंतू पकडून सुरीखालून ओढून नेतो. सरकी काही सुरीखालून जाऊ शकत नाही, ती अडते, आणि मधली हलती सुरी तिला ठोकून खाली पाडते. एका बाजूला रुई, खाली सरकी. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये या तत्त्वाचं पेटंट घेतलं होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याच दशकात रेल्वेही भुसावळला पोचली. पुढे जिनिंग आले आणि ते आजही चालू आहेत.

तर हा रोलर चामड्याचा. क्रोम लेदरच्या चकत्या शाफ्टवर एकापुढे एक घालून प्रेसने आवळायच्या, मग लेथवर चढवून गोल करायचं, आणि त्यावर तिरक्या, स्क्रूसारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडायच्या. सुरीला घासून घासून रोलर झिजतो, खाचा बुजतात, पकड जाते. मग पुन्हा लेथ. मोठ्या जिनिंगमध्ये खाचांसाठी वेगळं मशीन असतं, लहानांचे रोलर मामाकडे यायचे. सीझनमध्ये रात्री अकरा-अकरापर्यंत.

आता यातली गंमत बघा. त्या खाचांची खोली आणि अंतर ठरलेलं असतं, नाही असं नाही. पण तीस वर्षांत एकाही जिनवाल्याने मामाच्या खाचेत व्हर्नियर घातलेला मी पाहिला नाही. रोलर बसवायचा, तासभर चालवायचा, रुई हातात घ्यायची, सरकीवर किती तंतू राहिलेत ते बघायचं. तंतू राहिले तर रोलर परत. चामडं दबतं, फुगतं, पावसाळ्यात ओल धरतं. त्याच्या अंगावरच्या मिलिमीटरवर कोण विश्वास ठेवणार?

(जाता जाता. क्रोम लेदरमध्ये वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. रोलर झिजतो म्हणजे ते कुठेतरी जातंच: थोडं रुईत, थोडं हवेत, आणि लेथवर घासताना उडालेलं टर्नरच्या नाकात. मुंबईच्या माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी 'सिरकॉट' ही संस्था आहे. त्यांनी यासाठीच चामड्याऐवजी रबराच्या रोलरवर काम केलं. रबराचा रोलर सुरीशी घासून किती तापतो, पकड किती टिकते, किंमत किती, असे प्रश्न आहेतच. पण मामाने आयुष्यभर तोंडाला साधा रुमालही बांधला नाही, यावर मी कितीदा भांडलोय. असो, तो वेगळा लेख होईल.)

मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये पुण्यातल्या माझ्या एका मित्राच्या कंपनीला रोलर हवे होते. पाइप पुढे सरकवायच्या लाइनवरचे. कंपनीचं नाव इथे नको. पाइपचा बाहेरचा व्यास ११० मिमी, त्यामुळे रोलरला ५५ मिमी त्रिज्येची आत गेलेली गोलाई पाहिजे, म्हणजे पाइप त्यात बरोबर बसेल. थोडक्यात डमरूचा आकार. मध्ये गळा ९० मिमी, दोन्ही टोकं १२५ च्या आसपास, रुंदी ८०, आत ५० मिमीचा स्टीलचा गाभा आणि त्यावर पॉलियुरेथेन, ८० शोअर ए. (शोअर ए म्हणजे मऊ मटेरियलचा कडकपणा मोजायची पट्टी. ८० म्हणजे बोट रुतणार नाही, पण नख मात्र उमटेल.) नग चाळीस. मी म्हटलं, माझा मामा करेल. जिनिंगची कामं कमी झालीत, बिचाऱ्याला नवीन काहीतरी मिळेल. मध्यस्थ मी. ड्रॉइंग इंग्रजीत, मामाला व्हॉट्सॅपवर धाडलं आणि फोनवर मराठीत वाचून दाखवलं.

पॉलियुरेथेन कापणं हा काय प्रकार आहे ते मी मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून शेडमध्ये उभं राहून पाहिलं. ऐकलेलं आणि पाहिलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लोखंड टूलला विरोध करतं, म्हणून कापलं जातं. हे मधाच्या रंगाचं मटेरियल विरोधच करत नाही, सरळ मागे सरतं आणि टूल पुढे गेलं की परत जागेवर येतं. नेहमीचं टूल लावलं तर कापण्याऐवजी फाडतं, वर कुसं उभी राहतात. मामाने हायस्पीडचा बिट घेऊन त्याला असला तिरका कोन दिला की लोखंडाला लावला असता तर टवका उडाला असता. मग तेलाच्या दगडावर अर्धा तास घासत बसला. हातावरचे केस निघाले तेव्हा म्हणाला, "आता चालंल."

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचा कट. लोखंडात आपण शेवटी अगदी केसभर कट मारून माप जुळवतो. इथे केसभर कट मारला तर टूल कापतच नाही, नुसतं घासतं. घासलं की तापतं, आणि हे मटेरियल उष्णता वाहून नेत नाही, सगळी त्या धारेपाशीच साठते. मग चिकट होतं, वास सुटतो. तो धूर चांगला नसतो, जास्त तापून पॉलियुरेथेन विघटित झालं तर त्यातून विषारी वायू निघतात. (यावेळी मी भांडून रुमाल बांधायला लावला आणि दार-खिडक्या उघडायला लावल्या. एवढं एकच काम मी तिथे धड केलं.) म्हणून शेवटच्या कटलाही पुरेसं मटेरियल ठेवावं लागतं, आणि एका दमात माप यावं लागतं. चुकलात तर चुकलात.

बुरा असा निघतच नाही. निघते ती एक अखंड शेव. कुरडयांच्या साच्यातून निघावी तशी लांबच लांब, मऊ, आणि बघता बघता चकभोवती गुंडाळायला लागते. तिला हाताने ओढायचा मोह होतो, आणि तिथेच बोटं जातात. मामा लोखंडी आकडा घेऊन उभा.

गोलाई कशी पाडली? मला वाटलं होतं की डमरूच्या आकाराचं एक रुंद टूल घासून घ्यायचं आणि दाबायचं. मऊ मटेरियलमध्ये एवढं रुंद टूल एकदम घातलं की सगळं थरथरायला लागतं, लाटा उठतात. मामाने भंगारातून एक जुगाड केला. क्रॉस स्लाइडवर एक उभी पिन, पिनभोवती फिरणारी लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला टूल. पिनपासून टूलच्या टोकापर्यंत बरोबर ५५ मिमी. हँडल फिरवलं की टूल कंसात फिरतं आणि डमरूचा गळा निघतो. पत्र्याचं टेम्प्लेट कापून ठेवलं होतं, ते रोलरवर धरायचं आणि मागून बॅटरी मारायची. फटीतून उजेड आला नाही की जॉब खाली. संध्याकाळी मामीने भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या केल्या होत्या. मी हे सगळं मोबाइलवर शूट करून मित्राला पाठवलं. अभिमानाने.

पंधरा दिवसांनी मेल आला. चाळीसपैकी एकतीस रिजेक्ट. गळ्याचं माप ९० ला अधिक-उणे ०.१ पाहिजे होतं, यांचं भरलं पाव मिलिमीटरपर्यंत कमी.

मामाला फोन केला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्या तं मापातच केले व्हते. तू उभा व्हता ना तिथं?" होतो की. प्रत्येक रोलर मोजताना मी वहीत आकडे लिहून घेत होतो. ९०.००, ९०.०५, ८९.९५. मग रोलर पुण्याला पोचेपर्यंत लहान कसे झाले?

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे: बग दाखवला की प्रोग्रामर म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." इथे अक्षरशः तेच झालं होतं. मामाच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी पारा बेचाळीसच्या वर. पुण्यातली मापन खोली एसीची, वीस अंशांवर. तापलं की सगळंच फुगतं, पण पॉलियुरेथेन स्टीलच्या दहापट आणि त्याहूनही जास्त. त्यात ते खाली स्टीलच्या गाभ्याला घट्ट चिकटलेलं असतं, आडवं पसरायला जागा नाही, मग सगळा फुगवटा वरच्या दिशेला. गळ्याशी वीस मिमीचा थर दोन्ही बाजूंनी, फरक बावीस अंशांचा. कागदावर मांडून पाहिलं तर व्यासात पाव मिलिमीटर सहज निघतो. शिवाय व्हर्नियरचा जबडा. स्टीलवर तो टेकतो, इथे रुततो. मोजणाऱ्याने थोडा जोर लावला की आकडा आणखी खाली.

माझा हिशोब मामाला फोनवर सांगितला. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलेल्यांपैकी चार रोलर पिशवीत घालून सावद्याला गेला. तिथे त्याच्या ओळखीच्या एका केळीवाल्याचं पिकवणीचं चेंबर आहे. केळी पिकवायला आत सोळा-सतरा अंश धरून ठेवतात. रात्रभर रोलर केळीच्या क्रेटशेजारी. सकाळी तिथेच मोजले, मग बाहेर आणून उन्हात दोन तास ठेवले आणि पुन्हा मोजले. आकडे मला व्हॉट्सॅपवर आले, सोबत एक शब्दही नाही. हिशोब बरोबर होता. मापनशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून केळीचं चेंबर वापरणारा माझा मामा पहिलाच असावा!

आता माझं मत. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते: वेगळं लिहिलं नसेल तर सर्व मापं अधिक-उणे ०.१. ही चौकट कोणीतरी कधीतरी लोखंडी पार्टसाठी बनवली, आणि तेव्हापासून ती कॉपी-पेस्ट होत राहिली. (कॉपी-पेस्टबद्दल आमच्या जमातीने बोलू नये, मान्य.) रबरासाठी टॉलरन्सचं वेगळं मानक आहे, आयएसओ ३३०२. रबर-प्लास्टिकचं आवरण असलेल्या रोलरसाठी तर खास आयएसओ ६१२३ आहे, तीन भागांत: कडकपणा, पृष्ठभाग, मापं. म्हणजे जगाने हा प्रश्न पाहिलेला आहे, सोडवलेला आहे. ड्रॉइंग काढणाऱ्याने ते उघडून बघायची तसदी घेतली नाही. ज्या रोलरवर पाइप बसला की तो वजनाने ०.१ पेक्षा जास्त दबणार, त्याच्या ०.१ साठी माणसाचा महिनाभराचा घाम परत पाठवायचा, याला काटेकोरपणा म्हणायला मी तयार नाही. जिनवाला रुई बघतो तसं यांनी पाइप चालवून बघायला हवा होता. मित्राला मी हे स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "तुझं पटतंय रे, पण इन्स्पेक्शनवाला माझं ऐकेल का? त्याच्या हातात ड्रॉइंग आहे, मामा नाही."

त्याचंही खोटं नाही. लेखी माप नसेल तर पुरवठादार काहीही गळ्यात मारेल, आणि असे पुरवठादार आहेतच. शिवाय एकतीसातले सहा खरोखरच वाईट होते. मामाच्या पिनला खेळ आला होता आणि गोलाई मधोमध न येता जवळजवळ एक मिमी सरकली होती. ते मामाने बघताक्षणी बाजूला काढले. "हे माहे हाये. याचं मी कोनाले काही म्हनत नाई." उरलेल्या पंचवीसांचं काय, हा प्रश्न आहे.

आणि इथेच माझी चूक. त्याच ड्रॉइंगवर, चौकटीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं होतं: मापं २० अंश सेल्सिअसला. एक ओळ. ती बऱ्याच ड्रॉइंगवर असते, जगभर लांबी मोजायचं ठरलेलं तापमानच ते आहे. फोनवर वाचून दाखवताना मी ती गाळली. मला ती सॉफ्टवेअरच्या लायसन्ससारखी वाटली, जी कोणी वाचत नाही. मामाने ती ऐकली असती तर त्याला आयएसओ लागलं नसतं. तीस वर्षं चामडं हाताळलेला माणूस, त्याने पहाटे पाचला मोजलं असतं, किंवा वर पाव मिलिमीटर ठेवला असता. माहिती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, आणि न पोचवणारा मी, ज्याला दोन्हीकडची भाषा येते म्हणून मध्ये उभं केलं होतं. आपल्यातले कितीतरी जण गावाकडच्या कामासाठी असेच मध्ये उभे असतात: बँकेचा फॉर्म, विम्याचे कागद, कंपनीची ऑर्डर. आणि आपल्याला बिनमहत्त्वाचं वाटतं ते आपण गाळतो. त्याचं बिल आपल्याला येत नाही.

मी पैसे देऊ केले. मामा हसला. आमच्याकडे भाच्याच्या पाया पडतात, त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. मामीने मात्र मला सरळ विचारलं, "साठ हजाराचं काय करायचं मग?" तिला द्यायला उत्तर नव्हतं. मित्राच्या मागे लागून मी कंपनीकडून मटेरियलचे तरी पैसे सुटतील का ते बघतोय. अजून काही ठरलेलं नाही.

एवढं मात्र झालंय की त्यांनी पुन्हा वीस नगांची चौकशी केलीय. यावेळी मी ड्रॉइंगवरची प्रत्येक ओळ मराठीत लिहून काढली, अगदी शाईचा रंगसुद्धा. माप व्हर्नियरने न घेता पाय टेपने घ्यायचं, असं मित्राकडून लिहून घेतलं. (पाय टेप म्हणजे भोवती गुंडाळायची पातळ पट्टी, परिघावरून थेट व्यास सांगते. जबड्यासारखी रुतत नाही.) सगळं मामाला पाठवलं. काल रात्री त्याचा फोन आला. कागद नीट वाचला होता, सगळं समजलं होतं, शंका एकच होती.

"तुह्या त्या मित्राच्या लाइनवर पाइप येतो तो गरम येतो का थंड?"

मला माहीत नव्हतं. मित्रालाही माहीत नव्हतं. सोमवारी तो शॉपफ्लोअरवर जाऊन हात लावून बघणार आहे.